आईच्या पाटल्या आणि लागलेलं मन

प्रभू येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या तीन ओळींवर (मत्तय ६ : १९ ते २१) मागच्या अंकात लिहिलं होतं. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग लागतो, चोर घर फोडतात, स्वर्गात साठवा, कारण जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल. त्यावर पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण ते पत्र वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

प्रिय मावशी,
प्रभूच्या नावात सलाम. माझं वय ४६. आई गेल्या जूनमध्ये प्रभूकडे गेली, वडील आधीच गेले. आईच्या हातात चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. भाकरी थापताना ती त्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि झालं की पीठ झटकून पुन्हा खाली आणायची. शेवटच्या आजारात हात इतके वाळले की पाटल्या आपोआप गळायला लागल्या, म्हणून वहिनीने काढून ठेवल्या. त्याच्या दोन वर्षं आधी स्वयंपाकघरात आई मला म्हणाली होती, "या तुझ्या." तेव्हा तिथे तिसरं कोणी नव्हतं. आता वहिनी म्हणते, सासूबाई माझ्याकडे असं काही बोलल्या नाहीत, आणि चार वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. भाऊ गप्प आहे. त्याची मुलगी नर्सिंगला आहे, तिचाही फोन येईनासा झाला. नाताळला मी माहेरी गेले नाही. आमच्या पाळकसाहेबांनी याच वचनावर संदेश दिला. म्हणाले, तुमचं मन कुठे आहे हे तुम्ही जपता त्या वस्तू सांगतात. मला घाम फुटला. मावशी, मला सोनं नको आहे. भाव काय चाललाय तेही मी बघत नाही. मला त्या पाटल्यांना लागलेला आईचा हात हवा आहे. तरी मी लोभी का? चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे करताना माझा हात थरथरतो.
— एक बहीण, पिंपरी

लेकी, तुझं मूळ पत्र पाच पानांचं होतं, इथे एका परिच्छेदात बसवलंय. मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, मोजायची सवय अजून सुटलेली नाही. पत्र दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. पाच पानांत 'आई' हा शब्द ११ वेळा आला. 'वहिनी' ३४ वेळा. तुला दोष लावायला मी हे सांगत नाही. तू विचारलंस म्हणून, माझ्या नजरेला जे दिसलं ते सांगते.

आधी व्यवहाराचं बोलू, कारण ते थोडक्यात आटपतं. आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आईने मृत्युपत्र केलेलं नसेल आणि वडील आधीच गेलेले असतील, तर तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी. स्वयंपाकघरातलं तोंडी बोलणं मृत्युपत्र ठरत नाही, कितीही खरं असलं तरी. वहिनीने सेवा केली म्हणून तिचाही कायद्याने वाटा होत नाही. मुलींचा हा सारखा वाटा सगळ्या ख्रिस्ती बायकांना सहज मिळालेला नाही. जुन्या त्रावणकोर संस्थानच्या (आजच्या केरळातल्या) कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. केरळच्या शिक्षिका मेरी रॉय त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. तेव्हा आपला वाटा मागणं हे पाप आहे असं तुला कोणी सांगितलं, तर ऐकू नकोस.

पण तू वकिलाला पत्र लिहिलेलं नाहीस. लूकच्या १२ व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस तुझ्यासारखाच मध्येच बोलतो: गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे. प्रभू त्याला म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोभाविषयी सावध करून त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो, ज्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवलं आणि त्याच रात्री मेला. त्या माणसाचा दावा खोटा होता असं प्रभू कुठेही म्हणत नाही. वाटा कदाचित खरोखर त्याचाच असेल. तरी प्रभू वाटणीला बसत नाही. मग मी कशी बसू? पाटल्या दोन असतात हे मला कळतं, तुलाही कळतं. कुठली कोणाकडे जावी हे माझ्याकडून येणार नाही.

आता माझ्याजवळ आहे ते सांगते. नोकरीची शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे लॉकरचं काम होतं. बाई यायची, रजिस्टरमध्ये सही करायची, वेळ लिहायची. मी जड लोखंडी दार उघडून तिला आत न्यायची. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. आधी बँकेची फिरवायची, मग तिची. एकटीने काही उघडत नाही. ते झालं की मी बाहेर. आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसतं आणि विचारायचंही नसतं. पुष्कळांना वाटतं, लॉकर म्हणजे बँकेने घेतलेली हमी. तसं नाही. आग लागली, चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पट एवढीच; हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आत ३० लाखांचं असो.

मी बाहेर खुर्चीवर बसायची आणि आवाज ऐकायची. पत्र्याचा डबा ओढल्याचा आवाज. सोनारांच्या त्या गुलाबी पातळ कागदाचा आवाज, तो उलगडताना वेगळा आणि पुन्हा घडी घालताना वेगळा. लग्नाला दागिने काढायला आलेली बाई भराभर आवरते. नुसतं बघायला आलेली बाई सावकाश कागद उलगडते.

दोन बहिणी यायच्या. आईचा लॉकर, दोघींच्या सहीशिवाय उघडायचा नाही अशी सूचना त्यांनीच लिहून दिलेली. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाडं भरायला येत. एक रिक्षाने, एक मुलाच्या गाडीवर. बाकावर दोन टोकांना बसत. आत जाऊन डबा उघडत, कागद उलगडत, सगळं जिथल्या तिथे आहे ना बघत आणि पुन्हा ठेवत. नऊ वर्षांत त्यांनी त्यातलं काही नेलं नाही, काही आणून ठेवलं नाही, आणि माझ्यासमोर त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं काही मिटायच्या आधीच मी निवृत्त झाले, म्हणून पुढे काय झालं ते मला कळलं नाही. पण मत्तयाचा सहावा अध्याय वाचताना मला त्या बाकाची दोन टोकं दिसतात. त्या दोघींचं धन डब्यात नव्हतं. डब्यातलं तर त्या विसरूनच गेल्या होत्या. दुसरीला मिळू नये, हे त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि मन अगदी प्रामाणिकपणे तिथेच लागलेलं होतं.

म्हणून तुझं पत्र वाचून मला भीती वाटली. लोभाची नव्हे. तू म्हणतेस तुला आईचा हात हवा, आणि मी ते शंभर टक्के खरं मानते. पिठाचा हात झटकून पाटली खाली आणणं ज्या मुलीला आठवतं, तिला सोनं नको असतं. पण पत्रात आई ११ वेळा आली आणि वहिनी ३४ वेळा. जून ते आता, या आठ महिन्यांत तुझ्या मनाने आईच्या आठवणीतून बिऱ्हाड हलवलंय. तू जपते आहेस ते "या तुझ्या" हे वाक्य, आणि ते कोणी खोटं ठरवलं याचा राग. हे धनच झालं की! रोज काढून बघायचं, पुन्हा ठेवायचं.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला तो 'लागेल' शब्द मला फार मोलाचा वाटतो. नव्या सुनेला आपण विचारतो, सासरी मन लागलं का? ते एका दिवसात लागत नाही. ती आपल्या हाताने फडताळ लावते, अंगणात एखादं रोप लावते, धाकट्या दिराचा डबा भरते, आणि एक दिवस माहेरी असताना म्हणते, मला आमच्या घरी जायचंय. आधी हात लागतो, मग मन. कपड्याला कसर लागते तीही अशीच, कोणाला न कळत. मनाने एखाद्या गोष्टीत ठाण मांडलंय हे बरेच दिवस आपल्याला समजत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं की जपलेल्या वस्तूंवरून मन कळतं. ते खरंच आहे. पण त्या वचनात आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्यासारख्या साध्या बाईला फार उपयोगी पडली. धन जिथे नेऊन ठेवशील तिथे मन मागून जाईल. मन काही सांगितल्याने वळत नाही, हे मी माझ्यावरून सांगते. रुपया, वेळ, हात मात्र आपण उचलून दुसरीकडे ठेवू शकतो.

तर असं कर. तुझी भाची नर्सिंगला आहे. मी मिशन दवाखान्याच्या आवारात वाढले, या मुलींचे महिने कसे निघतात ते मला माहीत आहे. मेसचे पैसे, युनिफॉर्म, कडक तळव्याचे पांढरे बूट, जे सहा महिन्यांत फाटतात. तू तिची आत्या आहेस. तिला फोन कर आणि विचार, बूट कुठल्या नंबरचे लागतात. पाटल्यांचं नाव काढू नकोस. बूट घे, एका सत्राचे मेसचे पैसे भर, जमेल तेवढं. ही लाच नव्हे; लाच असेल तर देऊच नकोस, कारण मग तू उत्तराची वाट बघत बसशील. तुझं थोडं धन भावाच्या घरात राहू दे, एवढंच. मग बघ, रात्री जाग आली की मन वहिनीच्या कपाटाकडे जातं की त्या पोरीच्या रात्रपाळीकडे.

आणि मग, पुढच्या महिन्यात असेल किंवा ईस्टरनंतर, माहेरी जा. भावाला आणि वहिनीला समोर बसवून एकदाच, स्पष्ट, मागच्या बोलण्याचा धागा न काढता सांग: आई मला असं म्हणाली होती, मला त्या पाटल्या हातात घालाव्याशा वाटतात. मनात ठेवून कुढण्यापेक्षा तोंडाने मागणं कधीही स्वच्छ. त्याआधी मात्र वहिनीला त्या चार वर्षांविषयी विचार. आईला न्हाऊ कोण घालायचं, रात्री किती वेळा उठावं लागायचं, शेवटी शेवटी ती काय खायची. तू हे कधी विचारलं नसावंस, पत्रात तरी कुठे नाही. वहिनीचंही काही त्या पाटल्यांत अडकलेलं आहे. तिने ज्या हातातून त्या काढल्या तो हात तिने चार वर्षं धुतलाय. तुला आईचा हात हवा ना? त्याची शेवटची चार वर्षं तिच्याजवळ आहेत, आणि ती लॉकरमध्ये ठेवता येत नाहीत.

प्रभुभोजनाला थरथरत्या हाताने जा. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही.

मावशी, सलाम.
मी २७ वर्षांचा, चाकणला एका कारखान्यात आहे. पगारातून आधी दशांश काढतो. मग महिना ३,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) आणि एक मुदतीचा विमा. आमच्या प्रार्थनासभेतले एक वडीलधारे भाऊ म्हणतात, साठवणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, 'पृथ्वीवर साठवू नका' हे स्पष्ट लिहिलंय. लग्न ठरतंय. एसआयपी बंद करू का?
— एक तरुण, चाकण

नको बंद करूस बाळा. विमा तर मुळीच नको, लग्न ठरतंय म्हणतोस ना.

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशाला मुंगीकडे पाठवलंय, ती उन्हाळ्यात अन्न साठवते म्हणून. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. दुष्काळ पडल्यावर त्याने ती कोठारं उघडली. आणि लूकमधला तो शेतकरी, त्याचं बोलणं एकदा मोठ्याने वाच: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, आणि शेवटी माझ्या जिवा! सगळं स्वतःशीच. त्याच्या कोठारात माल आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही.

आपल्याकडचंच बघ. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आणलं. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनंतर काय, हा विचार करून बाईंनी केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावून संस्थेला आपलं उत्पन्न व्हावं म्हणून. तुझ्या एसआयपीसारखंच झालं हे. मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीतल्या मुली गोळा करून आणल्या, आणि उत्पन्नासाठी घेतलेल्या त्याच जमिनीवर त्यांना ठेवलं. मुक्ती मिशन तिथे उभं राहिलं, आजही आहे. बाईंनी पुढचा विचार केला नसता तर त्या मुलींना ठेवायला जागा नव्हती. आणि जमीन नुसत्या उत्पन्नाची म्हणून धरून ठेवली असती, तर त्या मुलींचं काय झालं असतं?

पण त्या वडीलधाऱ्या भावांना अगदीच चूक म्हणू नकोस. ते ज्याला भितात ते खरं आहे, माझ्या बाबतीत ते घडलंय. माझे यजमान गेल्यावर हातात आलेल्या पैशांतले ४ लाख मी एका पतसंस्थेत ठेवले. बँकेत काम केलेली बाई मी! बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो आणि पतसंस्थेला तो लागू नसतो, हे आज मी कोणालाही सांगते. तेव्हा विम्याची मर्यादा लाखाचीच होती, तरी फरक मला ठाऊक होता. दीड टक्का व्याज जास्त मिळत होतं. एके दिवशी शटर खाली, त्यावर नोटीस.

त्यानंतर १४ महिने मी रोज संध्याकाळी फिरायला म्हणून निघायची आणि पाय त्या शटरपुढे न्यायचे. कुलपावरचं लाखेचं सील, उन्हाने पिवळी पडत गेलेली नोटीस. ती इतक्यांदा वाचली की अजून पाठ आहे. त्याच रस्त्यावर आमच्या महिला मंडळातली एक बाई राहायची, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. तिच्या दारावरूनच मी जायची. येताना भेटू, उद्या भेटू, असं चालायचं. ती गेली तेव्हा मी हिशेब केला: १४ महिन्यांत तिच्याकडे दोनदा गेले होते, आणि त्या शटरकडे चारशेहून जास्त वेळा. पैसे पुढे थोडे थोडे मिळाले, सगळे नाहीत. ती बाई परत भेटायची नाही. वधस्तंभाकडे बघून मी पुष्कळ रडले आहे, आणि क्षमा मिळाली आहे असा माझा विश्वास आहे. तरी तो रस्ता आला की पोटात कालवतं.

प्रभूच्या काळी धन म्हणजे भारी वस्त्रं, धान्य, नाणी. म्हणून तो कसरीचं नाव घेतो. म्हणून चोर भिंत खणून आत शिरतात, त्या वेळच्या मातीच्या भिंती तशा खणता यायच्या. तुझं धन फोनच्या पडद्यावर आहे. तिथे कसर लागत नाही, पण दिवसातून किती वेळा ते ॲप उघडून हिरवं की लाल बघतोस, ते एक आठवडा कागदावर लिहून ठेव. तेवढ्याच वेळा होणाऱ्या बायकोला फोन केला असेल तर ठीक आहे. आणि लग्न झालं की तिला सगळ्याचे पासवर्ड सांग, नॉमिनी म्हणून तिचं नाव घाल. हे माझं बँकेतलं सांगणं, शास्त्रातलं नव्हे, पण तेवढंच कळकळीचं.

आदरणीय ताई, सलाम.
मी ७८ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी पत्नी प्रभुवासी झाली. तिच्या स्मरणार्थ आमच्या चर्चला मी एक छताचा पंखा दिला, उजवीकडच्या चौथ्या बाकावर. इतरांनी दिलेल्या पंख्यांवर नावं रंगवली आहेत, हिच्या पंख्यावर कमिटीने रंगवलं नाही. दोनदा आठवण केली. आता सांगतात, यापुढे नावं नकोत असा ठराव झाला, उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये. मला ते पटतं. तरी उपासनेत माझी नजर वर जाते आणि डोळे भरतात. हे माझं मन कुठे लागलं आहे?
— आपला एक वाचक, जालना

भाऊ, तुमचं मन तुमच्या बायकोत लागलं आहे. त्यात काय चुकलं?

कमिटीचा ठराव मलाही बरा वाटतो. दान करताना नाव लोकांपुढे मिरवू नये हे प्रभूचंच सांगणं. त्याने मंदिरात भांडारासमोर बसून पाहिलं तेव्हा श्रीमंत पुष्कळ टाकत होते, आणि एका विधवेने दोन तांब्याची नाणी टाकली. तिचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पण ठराव यायचाच होता तर तो तुमचा पंखा लागण्याआधी तरी यायला हवा होता, किंवा आधीची नावं तरी पुसायला हवी होती. तुमच्या पत्नीपाशी येऊन नियम बदलला, हे तुम्हाला लागणारच. कमिटीतल्या कोणी हे वाचलं तर त्यांनी भाऊंच्या घरी जाऊन एवढं म्हणावं, की आमचं चुकलं.

तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला एक जागा वाचून दाखवावीशी वाटते. मार्क १४. बेथानी गावात एक बाई अलाबास्त्राची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, कुपी फोडून प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते. आपल्या हिमालयात होणाऱ्या जटामांसीचं ते तेल, इतक्या दूर गेलेलं, म्हणून तर इतकं महाग. जवळ बसलेले चिडतात: तीनशे दिनारांना विकलं गेलं असतं! दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई तिने एका क्षणात ओतली. ज्यांनी किंमत काढली त्यांचं मन तिथे होतं, जिने ओतलं तिचं इथे. आणि प्रभू म्हणतो, जगात जिथे जिथे सुवार्ता गाजवली जाईल तिथे तिथे हिने केलेलं हिच्या स्मरणार्थ सांगितलं जाईल. भाऊ, स्मरणार्थ हा तुमच्या पंख्यावरचा शब्द प्रभूच्या तोंडी आहे! आणि मार्काने त्या बाईचं नाव लिहिलेलं नाही. योहान आपल्या शुभवर्तमानात मरिया म्हणतो. मार्क फक्त 'एक स्त्री' म्हणतो आणि तिने काय केलं ते सांगतो.

तेव्हा रंगाऱ्याची वाट बघू नका. तुमच्या पत्नीने काय केलं ते सांगा. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड ती २२ वर्षं घरी नेऊन धूत असे, नीळ घालून, आणि शनिवारी संध्याकाळी इस्त्री करून परत आणत असे. हे तुमच्या मंडळीतल्या किती जणांना माहीत आहे? आता ते कापड कोण धुतं? मे महिन्यात उजवीकडच्या चौथ्या बाकावर लहान मुलं वाऱ्यासाठी धावत येऊन बसत असतील. त्यांच्याशेजारी बसा. उपासना सुटल्यावर त्यांना नीळ म्हणजे काय ते सांगा, आजकालच्या मुलांना ती ठाऊकही नसते, आणि तुमच्या घरी दोरीवर ते कापड शनिवारी कसं दिसायचं तेही.

एक विनंती. रोज सकाळी मी या सदराच्या वाचकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करते. तुम्ही पंखा कुठल्या बाकावर आहे, कधी लावला, किती वाजता सुरू करतात, सगळं लिहिलंत. त्यांचं नाव पत्रात कुठे सापडलं नाही. तेवढं कळवा.